लोकलची वायर आणि खिशातली केबल

घरातला तो एक ड्रॉवर असतो ना, जुन्या वायरींचा, तो जरा डोळ्यासमोर आणा. नोकियाचा बारीक पिनचा चार्जर, दोन-तीन मायक्रो-यूएसबी केबल, कुणाच्या तरी जुन्या आयफोनची लाइटनिंग, आणि एक अशी चपटी वायर जी कुठल्या कॅमेऱ्याची होती हे आता कुणालाच सांगता येत नाही. आता मात्र फोन, इअरबड्स, पॉवर बँक, टॅब, लॅपटॉप, हल्ली तर ट्रिमरसुद्धा टाइप-सीवर आलाय. कोलशेतहून सकाळी ठाणे स्टेशनकडे निघताना बॅगेत एक केबल टाकली की काम झालं.

ही सोय यायला इतकी वर्षं का लागली, हा आजचा विषय. पण सुरुवात फोनपासून नाही करायची. कारण ठाणे-कल्याणच्या माणसाने हीच गोष्ट याआधी एकदा स्वतःच्या डोक्यावर घडताना पाहिली आहे. अक्षरशः डोक्यावर, लोकलच्या तारेत.

तारीख ३ फेब्रुवारी १९२५. बोरीबंदर, म्हणजे तेव्हाचं व्हिक्टोरिया टर्मिनस, तिथून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. रेल्वे जीआयपी, आणि तारेत वीज १५०० व्होल्टची, डीसी. पुढच्या चार-पाच वर्षांत ही तार ठाणे-कल्याण ओलांडून दोन्ही घाट चढली. १९३० पर्यंत पुणे आणि इगतपुरी दोन्हीकडे विजेची इंजिनं पोचली होती. या गाड्यांना वीज पुरवायला ठाकुर्लीत चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. डोंबिवली-ठाकुर्लीतल्या जुन्या लोकांना विचारा, ते नाव अजून तोंडात आहे.

आता डीसीच का? तर त्या काळात तोच शहाणा निर्णय होता. डीसी मोटर सुरू करणं, तिचा वेग कमी-जास्त करणं सोपं होतं. एसी वीज गाडीत घेऊन तिथल्या तिथे डीसी करायची, तर त्यासाठी लागणारी यंत्रं तेव्हा डब्यात मावतील आणि रोजच्या धावपळीत टिकतील अशी नव्हती. इंग्लंडातही तेव्हा १५०० व्होल्ट डीसीलाच पसंती होती. म्हणजे मुंबईने त्या वेळचं सगळ्यात चांगलं घेतलं, आणि सगळ्यांच्या आधी घेतलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ याच्यातूनच झालाय.

थोडं शाळेतलं फिजिक्स. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. व्होल्ट कमी असले, की तेवढ्याच कामासाठी जास्त करंट लागतो. जास्त करंट म्हणजे जाड तार, जास्त उष्णता, आणि थोड्या-थोड्या अंतरावर सबस्टेशन. लोकलचे डबे वाढत गेले, नऊचे बारा झाले, गाड्यांमधलं अंतर कमी झालं, आणि १५०० व्होल्टची दमछाक व्हायला लागली. २५,००० व्होल्टवर तेवढंच काम सुमारे सतरापट कमी करंटमध्ये होतं. तार हलकी, सबस्टेशनही दूर दूर चालतात.

आणि १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने नेमकं हेच ठरवलं होतं: इथून पुढे देशभर २५ केव्ही एसी. कोलकात्याकडे ३००० व्होल्ट डीसी होतं, मद्रासच्या तांबरम मार्गावर १५०० होतं. ती दोन्ही साठच्या दशकात बदलून टाकली. राहिली ती मुंबई. सगळ्यात आधी सुरू झालेली, सगळ्यात मोठी, आणि एक दिवससुद्धा बंद ठेवता न येणारी. देशभर एसी पसरत गेलं आणि मुंबई डीसीचं बेट होऊन बसली.

बेट म्हणजे काय, ते इगतपुरीला कळायचं. नाशिककडे जाणारी गाडी तिथे थांबायची, डीसीचं इंजिन सुटायचं, एसीचं लागायचं. पुढे दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, डब्ल्यूसीएएम नावाची. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर आधी प्रत्येक वेळी चार्जर बदलायचा, आणि मग कुणीतरी दोन तोंडांची केबल आणून दिली.

लोकलच्या बाबतीत हा बदल कसा झाला, ते मला स्वतःला फार आवडतं. एका रात्रीत वायर बदलली आणि सकाळी सगळं नवं, असं होणं शक्य नव्हतं. म्हणून आधी गाड्या बदलल्या. २००७ पासून त्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल आल्या ना, लोक ज्यांना ‘सीमेन्सची गाडी’ म्हणायचे, त्या १५०० डीसी आणि २५ केव्ही एसी दोन्हीवर चालायच्या. जिथे एक वीज संपते आणि दुसरी सुरू होते, तिथे मधे बिनविजेचा पट्टा. मोटरमनने वीज तोडायची, गाडी स्वतःच्या वेगावर पुढे सरकणार, मग पलीकडची वीज घ्यायची.

असं कसारा-इगतपुरीच्या बाजूने टप्प्याटप्प्याने एसी मुंबईकडे सरकत आलं. कल्याण झालं, ठाणे झालं, जून २०१५ मध्ये मेन लाइन थेट सीएसटीपर्यंत एसी झाली. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्येच झालं होतं. सगळ्यात शेवटी हार्बर. एप्रिल २०१६ मध्ये शेवटची डीसी लोकल धावली, ती कुर्ल्याहून सीएसटीला. १९२५ मध्ये जिथे सुरुवात झाली, त्याच दोन टोकांच्या मधे. ९१ वर्षं!

आणि यात बिल कुणी भरलं? फक्त तार बदलून भागत नाही. २५,००० व्होल्टच्या तारेपासून वर जास्त मोकळी जागा सोडावी लागते, म्हणून ब्रिटिशकालीन बुटके पूल आडवे आले. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल पाडला तो जानेवारी २०१६ मध्ये, आणि आजूबाजूच्या लोकांना रूळ ओलांडायला पूलच उरला नाही. दुसरं म्हणजे टपावर बसून जाणारी पोरं. या तारेला हात लावायचीही गरज नसते, जवळ गेलात तरी वीज उडी मारते. रेल्वे स्टेशनांवर घसा फोडून सांगत होती.

आता या फोनकडे.

१९९६ मध्ये यूएसबी आलं. ते घडवणाऱ्या इंटेलमधल्या टीमचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. (हो, आपल्या गायकवाडांचं बडोदा.) यूएसबी नेहमी उलटंच का घुसतं, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. उत्तर साधं होतं: दोन्ही बाजूंनी चालणारं करायचं तर वायरी आणि खर्च वाढणार होता, आणि तेव्हा स्वस्त असणं महत्त्वाचं होतं.

पण मोबाइलवाले या भानगडीत पडलेच नाहीत. ज्याचा फोन त्याची पिन. युरोपियन कमिशनच्या मोजणीत २००९ साली तिथे तीसएक प्रकारचे चार्जर होते. आपल्याकडे वेगळं काय होतं? नोकियाची आधी जाडी पिन, मग बारीक पिन, बाकीच्या कंपन्यांच्या आपापल्या. दुकानात एकाच वायरीला आठ-दहा तोंडं असलेला चार्जर मिळायचा, किंवा बॅटरी काढून चिमट्यात धरून चार्ज करायचा तो डबा. ती आपली डब्ल्यूसीएएम इंजिनंच म्हणा.

जून २००९ मध्ये दहा कंपन्यांनी युरोपात करार केला: सगळ्यांनी मायक्रो-यूएसबी वापरायचं. करार स्वेच्छेचा. ॲपलने सोबत एक ॲडॉप्टर चालेल एवढी पळवाट धरली आणि २०१२ मध्ये स्वतःचं लाइटनिंग आणलं. शेवटी युरोपियन युनियनने २०२२ मध्ये कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकायच्या नव्या फोन, टॅब, हेडफोनना टाइप-सी सक्तीचं. लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. त्या कायद्याच्या मागे कचऱ्याचा एक आकडा होता: न वापरता फेकलेले चार्जर वर्षाला ११,००० टन. आणि आयफोनने सप्टेंबर २०२३ मध्येच, १५ नंबरच्या मॉडेलवर, टाइप-सी घेतलं.

ॲपलचं म्हणणं होतं की सक्ती केली की नवं काही सुचणंच थांबतं. बऱ्याच जणांनी ते हसण्यावारी नेलं. मला वाटतं, मुंबईकराने तरी हसू नये. समजा २००९ मध्येच मायक्रो-यूएसबीचा पक्का कायदा झाला असता. आज आपण त्या नाजूक, एकाच बाजूने जाणाऱ्या, दोन वर्षांत ढिल्या होणाऱ्या पिनेवर अडकलो असतो, जसे १५०० व्होल्टवर अडकलो होतो. टाइप-सीचं स्पेसिफिकेशन आलं ऑगस्ट २०१४ मध्ये. म्हणजे कायद्याला झालेला उशीर त्रासाचा होता, पण त्याच उशिरामुळे चांगली पिन हाती लागली. युरोपच्या कायद्यात पुढे तंत्र बदललं तर पिन बदलायची सोयही ठेवलीय. १९२५ च्या तारेला अशी सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र दुकानात सांगत नाहीत. तोंड एक म्हणजे केबल एक, असं नाही. सुरुवातीचं यूएसबी ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट द्यायचं. आजचं पॉवर डिलिव्हरी ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, २४० वॉटपर्यंत जातं. युक्ती तीच, रेल्वेची: बारीक तारेतून जास्त शक्ती हवी तर व्होल्ट वाढवा. पण ५ अँपिअर न्यायला केबलच्या तोंडात एक छोटी चिप लागते. स्वस्त केबलमध्ये ती नसते, मग ३ अँपिअरवर थांबायचं. इअरबड्सच्या डबीतली केबल लॅपटॉपला लावली की तो चार्ज होतो, पण रडतखडत. काही कंपन्यांचं फास्ट चार्जिंग तर त्यांच्याच चार्जरवर आणि त्यांच्याच केबलवर पूर्ण वेगाने चालतं. बाहेरून बघाल तर टाइप-सीच.

आपल्याकडे १६ नोव्हेंबर २०२२ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने कंपन्यांची बैठक घेतली. स्मार्टफोन, टॅब, लॅपटॉपना टाइप-सी यावर एकमत झालं, आणि पुढे भारतीय मानक ब्युरोने त्याचं मानकही काढलं. कीपॅड फोनचं काय, हे मात्र वेगळं ठेवलं. हजार-दीड हजाराच्या फोनमध्ये पिन बदलली तर किंमत वाढते, आणि ती वाढ ज्याच्या खिशाला लागते तो स्मार्टफोन घेत नाही म्हणूनच कीपॅड घेतो. कोलशेत रोडवर जिथे केमिकल कंपन्यांच्या भिंती होत्या तिथे आता टॉवर आहेत, आणि टॉवरच्या गेटवरच्या वॉचमनकाकांच्या खिशात बहुतेक वेळा तोच फोन असतो. रात्री त्यांची बॅटरी उतरली तर सोसायटीतल्या कुणाचीही टाइप-सी त्यांच्या कामाची नाही. तुमच्या ड्रॉवरमधली ती मायक्रो-यूएसबी चालते.