पास, नापास आणि श्रेयांक : शाळेच्या उंबरठ्याचा इतिहास



निकालाचे दिवस जवळ आले की आपल्या गावात एकच प्रश्न घरोघर फिरू लागतो. मागे एकदा शेजारच्या खेड्यातील एका शेतकरी गृहस्थांनी मुलाचे प्रगतिपत्रक आमच्या हाती दिले. त्यावर ‘ब-१’, ‘क-२’ अशा खुणा होत्या. ते म्हणाले, “पोऱ्या पास व्हयना का नापास, इतलंच सांगा भाऊ.” आम्ही त्यांना त्या खुणांचा अर्थ सांगितला, परंतु त्यांचे समाधान झाले नाही. त्यांना हो किंवा नाही एवढेच हवे होते. कारण मुलाला पुढे शिकवायचे की शेतात घालायचे, हे त्या एका शब्दावर ठरायचे होते.

एका शब्दावर मुलाचे आयुष्य ठरावे, ही रीत आपल्याकडे आली कोठून? ती सनातन आहे काय? ‘पास’ आणि ‘नापास’ हे शब्द कोणी, कोणत्या कामासाठी घडवले? याचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. वरच्या वर्गात जाण्याचा प्रत्येक नियम कोणाच्या ना कोणाच्या सोयीसाठी केला गेला, आणि ती सोय बदलली तसा नियमही बदलला. तेव्हा निकाल हा त्या काळच्या नियमाचा निर्णय असतो. मुलाच्या बुद्धीवरचा तो अखेरचा शेरा नव्हे.

इंग्रजी अमलापूर्वी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. तेथे इयत्ता नव्हत्या आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. मुलगा धूळपाटीवर अक्षरे गिरवी. ती वळली की बाराखडी, मग उजळणी, पावकी-निमकी, मोडी वाचन आणि शेवटी जमाखर्च, अशा पायऱ्या असत. एकाला जे चार महिन्यांत येई ते दुसऱ्याला वर्षभराने येई. परंतु त्यास कोणी नापास म्हणत नसे. आलेले त्याच्याजवळ राही, न आलेले तो पुन्हा गिरवी. या शाळांचे आम्ही गोडवे गात नाही. त्यांत मुलींना जागा नव्हती, अस्पृश्य मानलेल्यांना दार बंद होते, आणि छडीचा सुकाळ होता. तथापि ‘वर्ष बुडणे’ हा प्रकार त्या शाळेला ठाऊक नव्हता, एवढे ध्यानात ठेवावे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखाते उभे राहिले आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मूठभर विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या दोघांसह चार जण १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. वसंतात व्याख्याने भरवण्याची चाल रानड्यांनीच १८७५ साली पुण्यात सुरू केली. म्हणजे आपली ही सभासुद्धा त्या पहिल्या मॅट्रिकवाल्यांचे ऋण मानते, असे म्हटले तरी चालेल.

आता ‘मॅट्रिक’ या शब्दाचा मूळ अर्थ पाहा. विद्यापीठाच्या पटावर नाव दाखल होणे, एवढाच तो आहे. ही परीक्षा विद्यापीठात शिरण्याचे दार होती. शाळा संपल्याचा दाखला देणे हे तिचे काम नव्हते. परंतु सरकारी कचेऱ्यांना इंग्रजी जाणणारे कारकून हवे होते, आणि त्यांना तोच दाखला सोयीचा वाटला. परिणाम असा झाला, की शंभरांतले जे थोडे कॉलेजात जाणार, त्यांच्यासाठी केलेल्या मापाने उरलेले सगळे मोजले जाऊ लागले. बाकी विषय उत्तम आले आणि एका विषयाने दगा दिला, तर सबंध वर्ष पाण्यात जाई. ‘मॅट्रिक फेल’ ही पदवी माणसाला जन्मभर चिकटत असे.

खेड्यापाड्यांतून या दाराला समांतर असे दुसरे दार होते. मराठी सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’, म्हणजेच आपल्या वाडवडिलांच्या तोंडची ‘फायनल’. ती उतरलेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शके, लहानसहान सरकारी नोकरीस लागू शके. नावापुढे ‘व्ह.फा.’ लिहिण्यात लोकांना अभिमान वाटे. तेव्हा हेही माप नोकरीचेच होते.

खालच्या इयत्तांत मात्र माप पैशाचे होते. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर बसवले गेले. तीच कल्पना लवकरच मुंबई इलाख्यातही आली. इन्स्पेक्टरसाहेब येत, मुलांची परीक्षा घेत, आणि जितकी मुले जितक्या विषयांत उतरतील त्या मानाने शाळेला अनुदान मिळे. मुलाचे पास होणे ही अशी शाळेच्या जमाखर्चातली रक्कम झाली. मग शिक्षकाने काय करावे? साहेब विचारतील तेवढे घोकून घ्यावे आणि मंद मुलास परीक्षेच्या दिवशी घरी ठेवावे, हा मोह त्या पद्धतीतच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत ही पद्धत मागे पडली. परंतु घोकंपट्टीची सवय मागे राहिली.

याच सुमारास आपल्या धरणगावात १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले, तेथे या पोरसवदा कवीचा ‘बालकवी’ म्हणून गौरव झाला आणि तेच नाव मराठी वाङ्मयात कायम झाले. त्यांचे शालेय शिक्षण अर्धवटच राहिले होते. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ त्यांना अकाली मृत्यू आला. आम्ही त्यांचे नाव घेतो ते ‘शिकला नाही तरी मोठा झाला’ हे ठसवण्यासाठी नव्हे; तशा उदाहरणांनी आळशी मुलांचे फावते. सांगायचे एवढेच, की त्या काळचे माप ज्या गोष्टी मोजत होते, त्यांत निसर्ग पाहण्याची दृष्टी बसत नव्हती. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी तर निरक्षरच होत्या. आज जळगावच्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर त्यांचे नाव आहे. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली ते देण्यात आले. मापाच्या बाहेर राहिलेली बाई आता मापावर नाव होऊन बसली आहे!

परंतु प्रतिभावंतांची गोष्ट वेगळी. सामान्य मुलाचे काय झाले? १९२९ साली हार्टोग समितीने हिशेब मांडला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलामुलींपैकी १९२५-२६ साली चौथीत अवघी अठरा उरली होती. बाकीची काही मध्येच शाळा सोडून गेली, तिला गळती म्हणावे. काही त्याच वर्गात पुन्हापुन्हा बसली, त्याला स्थगन म्हणावे. पुढे सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि प्रा. वि. म. दांडेकर यांनी केली, ती १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिचाही विषय हाच होता. नापास झालेला मुलगा एक वर्ष मागे राहतो, असे कागदावर दिसते. वस्तुतः गरिबाच्या घरी तो मागे राहत नाही, तो शाळेतून जातो. कापूस वेचणीला दोन हात मिळतात. आणि नापास होणारी मुलगी असली, तर वर्ष थांबण्याऐवजी लग्न पाहिले जाते. नियमाची किंमत अशी त्याच्या पोटात दडलेली असते.

स्वातंत्र्यानंतर या मापाची फेरतपासणी सुरू झाली. मुंबई राज्यात १९४८ सालच्या कायद्याने शालान्त परीक्षेसाठी वेगळे मंडळ आले, आणि शाळेची अखेर विद्यापीठाच्या हातून सुटली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने सुचवले, की आकडी गुणांऐवजी श्रेणी द्याव्यात आणि वर्षभराच्या कामाची नोंद ठेवावी. १९६६ साली कोठारी आयोगाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक विषयात विद्यार्थ्याने काय केले ते प्रमाणपत्रावर लिहावे. सबंध परीक्षेत तो पास की नापास असा शेरा देऊच नये, अशी शिफारस त्याने केली. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. आयोगाचा दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आराखडा महाराष्ट्राने उचलला, आणि १९७५ साली नव्या दहावीचे व जुन्या अकरावीचे विद्यार्थी एकाच वर्षी शालान्त परीक्षेस बसले. पास-नापासाविषयीची शिफारस मात्र दीर्घकाळ कागदावरच राहिली.

२००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा २०१० च्या १ एप्रिलला अमलात आला. त्याने आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवण्यास बंदी केली. त्याचबरोबर महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि त्या शेतकरी गृहस्थांना पडलेली अ-ब-कची कोडी प्रगतिपत्रकावर उतरली. श्रेणी म्हणजे प्रत. शेकडा ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, अशा त्या पायऱ्या खाली उतरत जातात. कापसाची प्रत पाहणारा व्यापारी त्याला पास-नापास म्हणत नाही, तशीच ही रीत. पण कापसाची प्रत ठरली की ती बदलत नाही. मुलाची बदलते, आणि बदलावी म्हणूनच ती सांगायची असते.

या कायद्याचे दुसरे अंगही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ‘नापास करू नका’ याचा अर्थ काही ठिकाणी ‘शिकवले नाही तरी चालेल’ असा घेतला गेला. मुलगा आठवीत पोहोचला, पण त्यास भागाकार येईना, अशी गाऱ्हाणी पालकांकडूनच येऊ लागली. गळती थांबवताना शिकणे गळाले, तर लाभ कोणता? म्हणून २०१९ साली कायदा दुरुस्त झाला, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत न उतरणाऱ्यास जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा मिळते. तीतही न उतरल्यास तो त्याच वर्गात राहतो. मधल्या त्या काही आठवड्यांत मुलावर कोणी कष्ट घेतले की नाही, यावरच या नियमाचे बरेवाईट ठरणार आहे. तेव्हा पालकांनी ‘पास का नापास’ या प्रश्नाआधी ‘या दिवसांत शाळेने आणि आम्ही काय केले?’ हा प्रश्न विचारावा.

दहावीलाही आज पहिल्यासारखी एकच कडी राहिलेली नाही. उत्तीर्ण होण्यास शेकडा ३५ गुण लागतात, पंचाहत्तरच्या वर विशेष प्राविण्य मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु एक-दोन विषय राहिले तरी अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळण्याची सवलत आहे, आणि पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यानंतर होते, हे किती पालकांना ठाऊक आहे? या सवलतीला लोक ‘एटीकेटी’ म्हणतात. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘टर्म भरण्यास परवानगी’ इतकाच आहे. ते हक्काचे साधन आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आता शेवटचा शब्द : श्रेयांक, ज्याला मुले क्रेडिट म्हणतात. याचा उगम मोठा मौजेचा आहे. अमेरिकेत कार्नेगी प्रतिष्ठानाने १९०६ च्या सुमारास प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देण्याचे ठरवले. कोणती संस्था खरे कॉलेज म्हणावी, हे ठरवण्यासाठी शाळेतील अभ्यासाचे माप हवे होते. म्हणून एका विषयाचे वर्षाकाठी १२० तास म्हणजे एक एकक, असे ठरले. प्राध्यापकांच्या पेन्शनीसाठी निघालेले माप पुढे जगभर विद्यार्थ्यांना लागले! आपल्याकडे २०२० चे राष्ट्रीय धोरण आणि २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा यांनी ते आणले. तीस तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक आणि वर्षाला चाळीस, असा आराखड्याचा हिशेब आहे. महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे चाळीसच्या वर श्रेयांक आणि ठरलेले जोडकाम पुरे करून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ऐंशीच्या वर पदविका, तिसऱ्यानंतर १२० च्या वर पदवी, आणि चौथ्या वर्षाअखेर १६० च्या वर सन्मान पदवी मिळते. मिळवलेले श्रेयांक एका राष्ट्रीय पेढीत विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहतात. मात्र ही ठेव जास्तीत जास्त सात वर्षांची, हे विसरू नये.

या पद्धतीचा गुण कोणता? घरची अडचण आली, बाप आजारी पडला, मुलगी सासरी गेली, तरी केलेला अभ्यास पुसला जात नाही. जुन्या मॅट्रिकने जे निर्दयपणे पुसले, ते येथे खात्यावर राहते. या एका बाबतीत आपण फिरून त्या पंतोजीच्या शाळेपाशी येतो, जेथे आलेले मुलाजवळच राही. आणि या पद्धतीचा धोका कोणता? तो इन्स्पेक्टरसाहेबांच्या काळाने दाखवून ठेवलाच आहे. तास मोजले, आकडे जुळले, खाते भरले, आणि मुलाच्या डोक्यात काहीच जमा झाले नाही, तर ते पुन्हा एकदा केवळ हिशेबाचे शिक्षण होईल.

तेव्हा येत्या निकालाच्या दिवशी आपल्या घरी गुणपत्रक येईल, ते एका शब्दात वाचू नका. कोणता विषय आला, कोणता राहिला, राहिलेल्याला पुन्हा संधी केव्हा आहे आणि आलेले कोठे जमा झाले आहे, हे चार प्रश्न शाळेत जाऊन विचारा. शाळेने उत्तर देणे तिचे कर्तव्य आहे आणि विचारणे आपले. हार्टोगच्या हिशेबातल्या शंभरांपैकी ब्याऐंशी मुले कोणा एका मास्तराने वा साहेबाने घालवली नव्हती. नियम न समजता ‘नापास’ या शब्दाला मान तुकवणाऱ्या घरांनीही त्यांतली कित्येक घालवली. आपल्या गावातून या वर्षी निदान एक मूल तरी त्या शब्दामुळे शाळेबाहेर न जावो, एवढीच आमची इच्छा आहे.