पडदा बाहेरून आत कसा आला

परवा सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाने नोटीस पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीला बाहेरून जी बांबूची चिक लावली आहे, ती आठ दिवसांत काढावी, इमारतीचं एलिव्हेशन बिघडतं. खाली अकरा अंगठे. एरवी टँकर आणि गटारींवर लिहिणारा माणूस आज पडद्यावर का लिहितोय, असं वाटेल. पण भुसावळात राहणाऱ्याला ऊन हा खासगी विषय नाही, म्हणून जरा लांब लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला. हॉलला पश्चिमेकडे आठ फुटी काचेचं स्लायडिंग दार. डिसेंबरात बघितलं तेव्हा घरात सगळेच खूश, काय उजेड, काय हवा! मार्च उजाडला आणि चारनंतर हॉलमध्ये बसवेना. दुकानात गेलो. दुकानदाराने झेब्रा, रोलर, व्हर्टिकल सगळं उलगडून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "साहेब, ऊन बंदच करायचं तर ब्लॅकआउट घ्या." घेतला. गडद तपकिरी, अस्तरवाला. अंधार झाला, गारवा काही झाला नाही. मे महिन्यात पडद्याला हात लावला तर नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखा गरम. आई गावाहून आली होती. ती बघून एवढंच म्हणाली, "आम्ही तट्टे बाहेरून बांधायचो बाबा. तू आतून काय बांधतोस?"

त्या वाक्याने मला वाचायला बसवलं.

आपल्या भागात उन्हाशी भांडण नेहमी उंबऱ्याबाहेरच व्हायचं. खानदेशातलं धाब्याचं घर आठवा. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, खिडकी म्हणजे झरोका. काच नाहीच. दाराला ताटी, म्हणजे बांबूची किंवा काटक्यांची उचलून लावायची झडप. मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द टिकला, वस्तू मात्र घरातून गेली. वाड्यांमध्ये आणि हवेल्यांमध्ये चिकाचे पडदे असायचे. बांबूच्या बारीक कामट्या सुताने विणलेल्या, ओसरीच्या किंवा सज्जाच्या बाहेरच्या कडेला सोडलेल्या. दिवसा आतल्या माणसाला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही, आणि वारा चालू राहतो. आज 'शीअर' म्हणून जो झिरझिरीत पडदा आपण घेतो, त्याचं निम्मं काम चिक करायचीच. वर ऊनही अडवायची.

त्याहून पुढची पायरी वाळ्याची. अकबराच्या दरबारात अबुल फझलने लिहिलेल्या आईन-इ-अकबरीत खसच्या, म्हणजे वाळ्याच्या खोल्यांचा उल्लेख आहे. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं भरायची आणि वरून पाणी मारायचं. इंग्रज आले आणि त्यांनीही या ताट्या उचलल्या. एकोणिसाव्या शतकात 'थर्मँटिडोट' नावाची लाकडी पेटी निघाली. दोन्ही बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, आत फिरणारा पंखा, आणि तो हाताने फिरवायला बाहेर उन्हात एक माणूस. साहेबाचा गारवा कोणाच्या घामावर होता, ते वेगळं सांगायला नको. आपल्या कूलरचा तो आजाच म्हणायचा. पण बघा, तिथेही ताटी बसायची ती दाराच्या चौकटीत, वाऱ्याच्या तोंडावर. गरम हवा घरात शिरायच्या आधीच तिला गाठायचं.

मग काच आली कुठून? मराठी घरात ती आधी बांगडी, आरसा आणि कंदिलाची चिमणी होऊन आली. स्वदेशीच्या दिवसांत लोकांनी पैसा-पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडेला काच कारखाना निघाला. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ कारखाना काढला. त्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आपल्यापैकी कित्येकांच्या आज्यांनी रोज संध्याकाळी पुसलाय. त्या काळी काच ही जपून पुसायची वस्तू होती. आख्खी भिंत काचेची करायचं कोणाच्या मनातही आलं नसेल.

ते डोक्यात आलं युरोपात. १९५९ साली इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट काचेची रीत जाहीर केली. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवायची, की घासण्या-चकाकवण्याची भानगड न करता मोठमोठे सपाट तक्ते मिळतात. स्लायडिंग दार स्वस्त होण्यामागे हे मोठं कारण. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तळोज्याला फ्लोट काच बनू लागली. पुढे अॅल्युमिनियमच्या चौकटी गल्लीबोळात पोचल्या आणि बिल्डरला विटांच्या भिंतीपेक्षा काच सोयीची वाटू लागली.

पण काचेचे चटके युरोप-अमेरिकेनेही खाल्ले आहेत, आणि आपल्या कितीतरी आधी. ल कॉर्ब्युझिए या मोठ्या वास्तुविशारदाने पॅरिसमध्ये साल्व्हेशन आर्मीसाठी बेघरांचं वसतिगृह बांधलं. ते १९३३ साली उघडलं. दर्शनी बाजूला न उघडणारी काचेची भिंत. थंड हवेची यंत्रणा पैशाअभावी बसलीच नाही, आणि उन्हाळ्यात आतली माणसं उकडून निघाली. पुढे महायुद्धात काचा फुटल्या, तेव्हा दुरुस्तीत उघडणाऱ्या खिडक्या आल्या आणि बाहेरून ऊन अडवणाऱ्या सिमेंटच्या पट्ट्या बसवल्या. हाच माणूस पन्नासच्या दशकात चंदीगडला आला, तेव्हा त्याने या पट्ट्या सुरुवातीपासूनच इमारतींना लावल्या. फ्रेंचमध्ये त्यांना 'ब्रीझ-सोलेय' म्हणतात. मला तर ती सिमेंटची चिकच वाटते.

दुसरा किस्सा अमेरिकेतला. इलिनॉय राज्यात मीस व्हॅन डर रोहने एडिथ फार्न्सवर्थ या डॉक्टरबाईंसाठी चारी बाजूंनी काचेचं घर बांधलं. ते १९५१ साली पुरं झालं. घर जगप्रसिद्ध झालं. बाई मात्र उन्हाळ्यात तापल्या, थंडीत काचेवरचं ओघळणारं पाणी पुसत बसल्या, आणि रात्री दिवा लावला की बाहेरच्याला सगळं दिसणार. आडोसा काय, तर आतून रेशमी पडदे! पैशांवरून दोघं कोर्टातही गेले. त्या घराला ऊन अडवणारी खरी सावली होती ती दक्षिणेकडच्या मोठ्या मेपलच्या झाडाची. म्हणजे पुन्हा बाहेरचीच.

यात जादू काही नाही. सूर्याचा प्रकाश काचेतून सरळ आत येतो. पडद्यावर, फरशीवर, सोफ्यावर पडला की त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता त्याच काचेतून तशी परत जात नाही. त्यात पडदा गडद असेल तर तो ऊन शोषून स्वतःच तापतो, माझा तापायचा तसा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे आहेत. पांढऱ्या प्लास्टिकचं अस्तर असलेला मध्यम रंगाचा पडदा आत लावला तर आत येणारी उष्णता ३३ टक्क्यांपर्यंत कमी होते. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छत्रीसारखं कापड लावलं, तर ७७ टक्क्यांपर्यंत. माझे ब्लॅकआउटचे साडेनऊ हजार कुठे गेले ते कळलं ना?

मग बुरूडाकडे गेलो. आठ फुटी चिक, सुतळी आणि कप्पीसकट अठराशे रुपये. चारच्या उन्हात आता हॉलमध्ये पेपर वाचता येतो. उकाडा संपला असं म्हणणार नाही, मे महिना तो मे महिनाच. पण कूलर लावला तर आता त्याचा उपयोग होतो.

विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दक्षिणेच्या दाराला दोन-अडीच फुटी छज्जा बरंच काम करतो, कारण दुपारचं ऊन वरून येतं. पश्चिमेला ते तिरकं, थेट डोळ्यात येतं. तिथे छज्जा पुरत नाही, उभा आडोसाच लागतो. बाहेर काही लावताच येत नसेल तर निदान आतला पडदा बाहेरून पांढरा दिसेल असा घ्या. आणि दांडी दाराच्या चौकटीपेक्षा फूटभर लांब घ्या, म्हणजे सरकवलेला पडदा दाराच्या वाटेत येत नाही.

आता नियमांचं. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा घातली, चौरस मीटरला १५ वॅट. कागद चांगला आहे. पण बांधकाम परवानगीच्या वेळी तो कोणी उघडत नसेल तर त्याला दात नाहीत. आमच्या इमारतीच्या नकाशात पश्चिमेच्या काचेवर छज्जा नाही, आणि परवानगी देताना कोणी विचारलंही नाही. बिल्डर हिशेब करून मोकळा झाला. ऊन आणि विजेचं बिल आमच्याकडे आलं. आणि दिसायला वाईट ठरली ती चिक.

सोसायटीचं एक म्हणणं मला मान्य आहे. जूनच्या वावधानात चिक सुटून खाली कोणाच्या डोक्यात पडली तर? म्हणून खाली लोखंडी पाइप ओवलाय आणि दोन्ही टोकं कठड्याला बांधलीत. सेक्रेटरी काकांना बघून जा म्हटलं, अजून आले नाहीत. नोटिशीला लेखी उत्तर दिलंय. त्यात लिहिलंय की पश्चिमेच्या सगळ्या फ्लॅटना एकाच मापाची, एकाच रंगाची चिक लावायचा ठराव करा, एलिव्हेशनही सारखं दिसेल. बुरूड एकदम बारा चिका घेतल्या तर दीड हजाराला द्यायला तयार आहे.

अकरा अंगठ्यांपैकी तिघांनी काल गुपचूप फोन करून त्याचा नंबर घेतला. सभा रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये आहे. तोवर चिक जागेवर आहे. दुपारी सोडतो, सातला गुंडाळतो.