तीस वर्षांनी लागलेला निकाल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात कुपर्टिनो नावाचं गाव आहे. संगणकाच्या नोकऱ्यांमुळे हे नाव आता मराठी घरांना परकं राहिलेलं नाही. कुणाचा भाचा तिथे असतो, कुणाची नात तिथल्या शाळेत जाते. मुलांकडे गेलेले आईवडील संध्याकाळी फिरायला बाहेर पडतात, तेव्हा त्यांना पश्चिमेला एक निळसर डोंगररांग दिसते. ही सांता क्रूझ पर्वतरांग. तिच्यातल्या मॉन्टे बेल्लो नावाच्या धारेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० फुटांवर, चुनखडीच्या दगडांत बांधलेली एक जुनी वायनरी आहे. तिथे तयार होणाऱ्या लाल वाइनची गोष्ट मी आज सांगणार आहे. श्रोत्यांपैकी अनेकजण वाइनला स्पर्शही करत नसतील. त्यांनीही ऐकावी अशी ही गोष्ट आहे, कारण तिच्यात एक शतकभराची शेती आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत ओझिया पेरोनी नावाचे एक इटालियन डॉक्टर होते. त्यांनी १८८५ मध्ये या धारेच्या माथ्याजवळ १८० एकर जमीन घेतली, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती काढून द्राक्षं लावली आणि डोंगराच्या कुशीत वायनरी बांधली. तिथली पहिली वाइन १८९२ च्या हंगामाची. जवळच सॅराटोगाच्या डोंगरात पॉल मासाँ या फ्रेंच माणसाचे मळेही नावारूपाला येत होते. एकूण भरभराटीचे दिवस होते.

मग १९२० साल उजाडलं आणि अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली. आपल्याकडच्या ज्येष्ठांना १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आणि त्यानंतरचे परमिटचे दिवस आठवत असतील. अमेरिकेची बंदी १३ वर्षं टिकली. डिसेंबर १९३३ मध्ये ती उठली, तोवर असंख्य वायनऱ्यांना टाळी लागली होती. दारूचा गुत्ता रातोरात पुन्हा उघडता येतो. द्राक्षमळ्याचं तसं नसतं. वेल लावल्यावर चांगलं पीक हाती यायला वर्षं जातात, आणि ते काम जाणणारी माणसं एकदा पांगली की परत गोळा होत नाहीत. मॉन्टे बेल्लोवरही पुढे मळे ओस पडले, रान माजलं.

१९४० च्या दशकात विल्यम शॉर्ट या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने पेरोनींच्या जागेच्या खालच्या अंगाची अशीच एक पडीक वायनरी आणि मळा विकत घेतला. दशकाच्या अखेरीस त्यांनी तिथे ‘कॅबर्ने सोव्हिन्यॉं’ ही मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची काळी द्राक्षं लावली. आज जे नाव झालं आहे, त्याच्या मुळाशी हे वेल आहेत.

१९५९ मध्ये ही जागा चार मित्रांच्या हाती आली. डेव्ह बेनियन, ह्यू क्रेन, चार्ली रोझन आणि हॉवर्ड झायडलर हे चौघे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत काम करत. रोझन यांच्या पुढाकाराने याच संस्थेत पुढे ‘शेकी’ हा स्वतःच्या हालचालींचा विचार करू शकणारा यंत्रमानव घडला. आठवडाभर यंत्रांच्या भविष्याचा विचार करणारी ही माणसं शनिवार-रविवारी बायकामुलांना घेऊन डोंगरावर येत, छाटणी करत, झुडपं तोडत. पहिल्या वर्षी त्यांनी शॉर्ट यांच्या वेलींपासून जेमतेम पाव पिंप वाइन केली. ती इतकी सरस निघाली की १९६२ मध्ये त्यांनी रीतसर परवाना घेऊन वायनरी सुरू केली. तिचं नाव ‘रिज’, म्हणजे डोंगराची धार.

आता प्रश्न पडेल, सपाट सुपीक जमीन सोडून ही डोंगरावरची यातायात कशासाठी? खाली सांता क्लारा खोऱ्यात तेव्हा जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा होत्या. पण वाइनच्या द्राक्षाला फार सुख मानवत नाही. उथळ, दगडाळ जमिनीत वेल बेताने वाढतो, घड कमी येतात आणि मणी लहान राहतात. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त असते. त्यात इथून पॅसिफिक महासागर जवळ. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, त्यामुळे फळ सावकाश पिकतं आणि त्यातली आंबट चव टिकून राहते. अशी वाइन तरुणपणी कडक लागते आणि वर्षानुवर्षं मुरते. या भागाचं वेगळेपण ओळखून १९८१ मध्ये ‘सांता क्रूझ माउंटन्स’ हा अधिकृत द्राक्षप्रदेश ठरवण्यात आला, तोही उंचीच्या निकषावर.

१९६९ मध्ये पॉल ड्रेपर रिजमध्ये आले. त्यांनी स्टॅनफर्डला तत्त्वज्ञान शिकून मग चिलीमध्ये प्रत्यक्ष वाइन केली होती. जुन्या पद्धतींवर त्यांचा विश्वास होता. द्राक्षांवरच्या नैसर्गिक यीस्टने रस आंबू द्यायचा, वरून ढवळाढवळ कमीत कमी करायची. त्यांच्या हातची १९७१ ची मॉन्टे बेल्लो एका मोठ्या परीक्षेला बसली.

२४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये एक चाचणी घडवून आणली. फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून ठेवल्या. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली आणि खळबळ उडाली. त्यात मॉन्टे बेल्लो लाल गटात पाचवी होती. फ्रेंचांची तक्रार अशी की, बोर्दोच्या वाइन मुरायला वेळ घेतात. आज कॅलिफोर्निया जिंकली असेल, पण काही वर्षांनी या बाटल्या उघडा, मग बघू.

तक्रार अगदीच चुकीची नव्हती. म्हणून बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच लाल वाइन लंडन आणि कॅलिफोर्नियातल्या नापा इथे पुन्हा चाखल्या गेल्या. एकत्रित निकालात पहिली आली ती १९७१ ची मॉन्टे बेल्लो! तरुणपणी पाचवी आलेली वाइन पस्तिशीत पहिली ठरली.

या तीस वर्षांत डोंगराच्या पायथ्याशी काय झालं? जर्दाळूच्या बागा गेल्या. त्यांच्या जागी संगणक कंपन्या, घरं, रस्ते आले आणि खोऱ्याला ‘सिलिकॉन व्हॅली’ म्हणू लागले. जी जमीन सुपीक होती ती शेतीला राहिली नाही, आणि जिच्यावर शेती अवघड होती ती वाचली. चढ-उताराने तिचं रक्षण केलं. माणसांनीही केलं: १९७२ मध्ये स्थानिक मतदारांनी मोकळी जमीन राखण्यासाठी खास संस्था स्थापन केली. आज धारेवरच्या मळ्यांशेजारी सार्वजनिक रान आहे. मालकी मात्र १९८६ मध्ये जपानच्या ओत्सुका कंपनीकडे गेली. पण त्यानंतरही वाइनची सूत्रं ड्रेपर यांच्याकडेच होती. ते २०१६ मध्ये निवृत्त झाले.

धोका टळलेला नाही. सॅन अँड्रियास प्रस्तरभंग याच रांगेतून जातो. १९८९ च्या भूकंपात ६३ जणांचे प्राण गेले. ऑगस्ट २०२० मध्ये विजांमुळे लागलेल्या वणव्यात सांता क्रूझ आणि सॅन माटेओ परगण्यांतली ८६ हजारांहून अधिक एकर जमीन जळाली. धुराची चव द्राक्षात उतरते, आणि त्या हंगामाची वाइन कित्येकांना सोडून द्यावी लागली.

या खोऱ्याशी आपल्या नाशिकचा एक धागा जुळतो. स्टॅनफर्डला शिकून सिलिकॉन व्हॅलीत नोकरी केलेल्या राजीव सामंत यांनी परत येऊन नाशिकला ‘सुला’ सुरू केली, तेव्हा मदतीला कॅलिफोर्नियाचेच एक वाइनतज्ज्ञ होते. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी, इकडे थंडी सरताना. हवा वेगळी, माती वेगळी. आपल्या वाइन उद्योगाचं वय अजून लहान आहे. दिंडोरी किंवा गंगापूरच्या मातीची स्वतःची चव कोणती, हे ठरायला काही पिढ्या लागतील.

मॉन्टे बेल्लोवर पेरोनींनी जमीन घेतली १८८५ मध्ये, आणि तो निकाल लागला २००६ मध्ये. मधल्या १२१ वर्षांत ज्यांनी वेल लावले, छाटले, पडीक रानातून पुन्हा उभे केले, त्यांतल्या बहुतेकांना तो निकाल ऐकायला मिळाला नाही. आंब्याची कोय पुरणाऱ्या आपल्या आजोबांनाही फळाची खात्री कुठे होती? त्यांनी कोय पुरली, पाणी घातलं आणि पुढच्यांवर सोपवून दिलं.