पितळी भांडे, दूध आणि बाळाचे यकृत

पोटाच्या उजव्या बाजूला, वर बरगड्यांच्या आड यकृत असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलोग्रॅम भरते. त्याच्या खालच्या अंगाला पित्ताशय, शेजारी लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, मागे उजवे मूत्रपिंड आणि वर, पडद्यापलीकडे, उजव्या फुप्फुसाचे टोक. एवढ्याशा जागेत इतके शेजारी! म्हणूनच 'उजवीकडे बरगडीखाली दुखते' या तक्रारीमागे पित्ताचे खडे, कावीळ, आमांशाच्या अमीबामुळे यकृतात झालेले गळू, आतड्यातला व्रण, क्वचित फुप्फुसाचा दाहसुद्धा असू शकतो. यकृताची एक खोडही लक्षात ठेवली पाहिजे. त्याच्या गाभ्यात वेदना नेणारे मज्जातंतू जवळजवळ नसतात. त्याच्यावरचे वेष्टण ताणले गेले की मगच दुखते. सावकाश वाढणारा यकृताचा आजार त्यामुळे बराच काळ गप्प राहतो.

रोगी दीड वर्षाचे मूल असेल तर अडचण आणखी वाढते. कोठे दुखते हे ते सांगू शकत नाही. ते किरकिर करते, जेवत नाही, अंगात बारीक ताप असतो आणि पोट पुढे येते. डॉक्टरांच्या हाताला मात्र बरगडीखाली टणक, पातळ धारेचे वाढलेले यकृत लागते. पुढे कावीळ होते, पोटात पाणी साठते आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावतात. या आजाराचे वर्णन 1887 मध्ये कलकत्त्याहून निघणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे भारताच्या अनेक भागांतून असे रुग्ण नोंदले गेले आणि रोगाला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' हे नाव पडले. यात यकृताच्या पेशी मरतात व त्यांच्या जागी तंतुमय, कठीण ऊती तयार होतात. महाराष्ट्रातल्या घरांत 'बाळाचे लिव्हर वाढले' एवढे शब्द ऐकले तरी आईबापांच्या पोटात धस्स होत असे.

रोग ओळखता येत होता, पण कारण सापडत नव्हते. एकाच घरातली दोन-तीन भावंडे दगावत, म्हणून आनुवंशिकतेचा संशय होता. कोणी विषाणूकडे बोट दाखवले, कोणी कुपोषणाकडे, तर कोणी शेंगदाण्यावरच्या बुरशीच्या विषाकडे. प्रत्येक तर्क काही रुग्णांना लागू पडे, सर्वांना नाही.

1978-79 मध्ये या शोधाला वळण मिळाले. या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांना ऑर्सिन नावाचा रंग दिला असता पेशींमध्ये गडद कण दिसले. तांबे प्रथिनांशी बांधले जाऊन साठले की असे कण दिसतात. मग प्रत्यक्ष मोजमाप झाले. निरोगी बालकाच्या यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारणपणे 50 मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या मुलांत ते कित्येक पटींनी, कधी 1000 मायक्रोग्रॅमच्याही वर आढळले. या कामात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचा सहभाग होता. पुढे डॉ. शीला भावे आणि इतर सहकाऱ्यांनीही हे काम पुण्यात नेटाने चालवले.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. तांबे सापडले म्हणजे कारण सापडले असे नव्हे. शरीरातले जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. म्हणजे यकृत आधीच बिघडले असेल, पित्ताचा प्रवाह अडला असेल, तरी तांबे साठेल. मग तांबे हे रोगाचे मूळ की रोगाचा परिणाम? प्रयोगशाळेतला तुकडा कितीही वेळा तपासला तरी याचे उत्तर त्यात मिळणार नव्हते. त्यासाठी तांबे येते कोठून हे पाहणे भाग होते, आणि तो मार्ग स्वयंपाकघरात जात होता.

त्या काळी ग्रामीण भागात अनेक घरी दूध तापवायला आणि ठेवायला तांब्यापितळेची भांडी असत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात आंबट पदार्थ कळकतो हे आपल्या आजीला ठाऊक होते. म्हणून तर कल्हईवाला दारी येई, नवसागर टाकून तापलेल्या भांड्याला आतून कथिलाचा हात देई. कथिलाचा थर शाबूत आहे तोवर अन्नाचा पितळेशी संबंध येत नाही. कल्हई उडाली की येतो. दूध आंबट नसले तरी त्यातले केसिन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवते. दूध जितके गरम आणि जितका जास्त वेळ भांड्यात राहील तितके तांबे त्यात अधिक उतरते. असे दूध पाहून काही कळत नाही.

पंडित, टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हा तर्क 'लॅन्सेट'मध्ये मांडला. 1987 मध्ये आजारी मुलांच्या आहाराची त्यांच्या जोडीच्या निरोगी मुलांच्या आहाराशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली. आजारी मुलांना गाईम्हशीचे दूध लवकरच्या वयात सुरू झालेले होते आणि त्यांच्या घरी दुधासाठी तांब्यापितळेच्या भांड्यांचा वापर कितीतरी अधिक होता. तान्ह्या बाळालाच धोका का, याचे उत्तरही शरीरशास्त्रात मिळते. बाळ जन्मतःच यकृतात तांब्याचा मोठा साठा घेऊन येते आणि ते पित्तावाटे टाकण्याची त्याची क्षमता अजून अपुरी असते. त्यात बाटलीतून रोज आणखी तांबे!

उपचाराची कथा आपल्याला पिंपरीची आठवण करून देते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आज पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुरुवातीच्या मोठ्या उद्योगांपैकी एक म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 1955 मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. याच पेनिसिलिनच्या रेणूचा एक तुकडा म्हणजे पेनिसिलामाइन. जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांना पेनिसिलिन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत तो आढळला. तो तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर नेतो हे ओळखून त्यांनी 1956 मध्ये विल्सनच्या रोगावर तो वापरला. हाही तांबे साठण्याचाच, पण आनुवंशिक रोग. पुण्यात हे औषध या मुलांना देण्यात आले. कावीळ होण्यापूर्वी सुरू केले तेव्हा काही मुले वाचली. अशी मुले अनेक वर्षांनंतरही निरोगी असल्याचा अहवाल 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. उशिरा आलेल्यांना मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

खरा उपाय औषधाहून स्वस्त होता. बाळाला अंगावर पाजा, आणि वरचे दूध द्यायचेच तर ते तांब्यापितळेच्या भांड्यात तापवू वा ठेवू नका. ज्या घरांत आधी मूल दगावले होते तेथे हा सल्ला पाळल्यावर पाठची भावंडे सुरक्षित राहिली. याच सुमारास घरोघरी स्टेनलेस स्टील आले आणि पितळी पातेली माळ्यावर गेली. एके काळी नेहमी दिसणारा हा रोग आता दुर्मिळ झाला आहे. ऑस्ट्रियाच्या टायरोल भागातही असाच रोग होता. तेथे 1900 ते 1974 या काळात 138 बालके दगावल्याचे 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही तांब्याच्या भांड्यांत दूध ठेवत, आणि भांडी बदलल्यावर रोग नाहीसा झाला.

मग प्रश्न पूर्ण सुटला काय? नाही. पितळी भांडी हजारो घरांत होती, रोग मात्र थोड्याच मुलांना झाला. टायरोलमध्ये वंशावळी तपासल्यावर रोग आनुवंशिकही असल्याचे दिसले. आपल्याकडेही काही मुलांची प्रकृती तांब्याला अधिक बळी पडणारी असावी. काही रुग्णांच्या घरी तांब्यापितळेच्या भांड्यांचा वापर आढळलाही नाही. पण प्रकृती बदलता येत नाही, भांडे बदलता येते, आणि एवढ्यावर पुष्कळ मुले वाचली.

आज तांब्याच्या बाटल्यांची पुन्हा आवड निर्माण झाली आहे. साध्या पाण्यात तांबे फार कमी उतरते, पण दूध, ताक किंवा लिंबाचे सरबत त्यात ठेवू नये. वर्गात हे सांगताना 'घरी जुने पितळी पातेले आहे का, आणि त्याला आतून कल्हई का लावीत?' असे विद्यार्थ्यांना आजीला विचारून यायला सांगावे. रसायनशास्त्राचा एक चांगला तास तेथूनच सुरू होईल.