लोवेल हायस्कूलचे आकडे: रकाना आधी, सहसंबंध नंतर

संशोधन आराखड्यात एक उद्दिष्ट हमखास असतं: 'विद्यार्थ्यांची सामाजिक पार्श्वभूमी आणि शैक्षणिक कामगिरी यांतील सहसंबंध तपासणे.' ठीक आहे. पण पार्श्वभूमीचा तो रकाना कोणी आणि कशासाठी आखला, हे विचारायचं राहून जातं. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोवेल हायस्कूलचा इतिहास मी नवीन मुलांना वाचायला सांगतो तो यासाठी.

लोवेल ही १८५६ सालची सरकारी शाळा. फी नाही, पण प्रवेश गुणांवर, आणि मुलं शहरभरातून येतात. अमेरिकेत अशा शाळांना 'मॅग्नेट स्कूल' म्हणतात.

१९७८ साली एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने शहरातल्या शाळांमधल्या वांशिक विभाजनाविरुद्ध खटला भरला. १९८३ मध्ये कोर्टात तडजोड झाली. त्या तडजोडीत विद्यार्थ्यांचे नऊ गट पाडले होते: स्पॅनिश आडनावाचे, इतर गोरे, कृष्णवर्णीय, चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो, अमेरिकन इंडियन आणि इतर. गंमत बघा, एक गट चक्क आडनावावरून, दोन रंगावरून, चार देशांवरून! साध्या शाळेत कोणताही गट ४५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि लोवेलसारख्या शाळेत ४० टक्क्यांच्या वर नाही, असं ठरलं.

लोवेलला अर्ज करणाऱ्यांत चिनी मुलं सर्वांत जास्त. मग ४० टक्क्यांची मर्यादा पाळायची कशी? कट-ऑफ वाढवून. (हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.) नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिनी मुलाला ६९ पैकी ६६ गुण लागत, गोऱ्या, जपानी किंवा कोरियन मुलाला ५९, तर कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश आडनावाच्या मुलांना ५६. याच शहरात १८८५ साली चिनी मुलांना सरकारी शाळेत घ्या असा निकाल लागल्यावर शाळा मंडळाने त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढली होती. ती आठवण असलेल्या समाजाला ६६ चा आकडा कसा वाटला असेल, सांगायला नको. १९९४ मध्ये चिनी कुटुंबं कोर्टात गेली आणि १९९९ च्या तडजोडीने प्रवेशातला वंशाचा निकष गेला.

आता या काळातली आकडेवारी हातात आली, तर काय दिसेल? चिनी विद्यार्थ्यांचं प्रमाण स्थिर. ती स्थिरता समाजातून आलेली नाही, नियमातून आली आहे. शाळेच्या आत चिनी मुलांची सरासरी इतरांपेक्षा वर दिसली, तर त्यातला काही भाग तरी चाळणीचाच. ६६ च्या खालच्यांना आत सोडलंच नव्हतं. याला आपण 'निवड परिणाम' म्हणतो. आणि पुढे याच मुलांची जपानी-कोरियन मुलांबरोबर 'आशियाई' या एका रकान्यात बेरीज केली, की ६६ आणि ५९ मधला फरक तक्त्यातून गायबच होतो. माझ्या मते लोवेलवरच्या बऱ्याच चर्चेत हाच घोळ आहे.

दुसरा प्रसंग ताजा. करोनामुळे २०२० मध्ये परीक्षा आणि गुण नेहमीसारखे उपलब्ध नव्हते, म्हणून २०२१ ची तुकडी सोडतीने घेतली. शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थी तेव्हा २ टक्क्यांच्या आसपास होते. सोडत कायम ठेवावी, असा ठराव मंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये केला. वर्षभराने सहामाहीचे निकाल आले. नववीच्या ६२० पैकी १५२ मुलांना किमान एका विषयात 'डी' किंवा 'एफ'. २०१९ मध्ये अशी मुलं होती ४८, २०२० मध्ये ५१. झालं! 'सोडतीने दर्जा घसरला' अशी ओरड सुरू झाली.

इथे घाई करू नका. या मुलांची आठवी बरीचशी घरी, स्क्रीनसमोर गेली होती. उलट बाजूही आहे: २०२० ची तुकडी नववीत ऑनलाइनच शिकत होती, तरी तिचे आकडे वाढले नव्हते. पण तिची आठवी मार्चपर्यंत वर्गात झाली होती, आणि ऑनलाइन काळातले ग्रेड वर्गातल्या ग्रेडशी तुलना करण्याजोगे आहेत का, हा प्रश्न उरतोच. म्हणजे प्रवेशपद्धत आणि करोना एकाच वर्षी बदलले. एकाच शाळेच्या तीन आकड्यांतून ते वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी शहरातल्या, प्रवेशपद्धत न बदललेल्या शाळांचे त्याच वर्षांचे आकडे शेजारी ठेवायला हवेत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना परत बोलावलं. त्यामागच्या कारणांत लोवेलही होतं. जूनमध्ये मंडळाने गुणांवरचा प्रवेश परत आणला, २०२३ च्या तुकडीपासून. म्हणजे सोडतीच्या तुकड्या दोनच, २०२१ आणि २०२२ च्या. ज्याला यावर प्रबंध लिहायचाय, त्याच्याकडे एवढीच सामग्री आहे, आणि त्यातली पहिली तुकडी करोनातून आलेली.