मुधोळ श्वान : आश्रय, उपयोग आणि जतन

दख्खनच्या इतिहासलेखनात घोड्याला जे स्थान मिळाले, ते श्वानाला मिळाले नाही. या दृष्टीने मुधोळ श्वानाचा विचार उद्बोधक ठरतो. महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाच्या ग्रामीण भागात ‘कारवान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जातीस मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी आश्रय दिला. त्यांनी पंचम जॉर्ज यांस या श्वानांची जोडी भेट दिली व तेव्हापासून ‘मुधोळ’ हे नाव रूढ झाले, असे परंपरा सांगते. नाव संस्थानाचे झाले. वंश मात्र शिकारी व शेतकरी यांनीच राखला होता.

निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय व आखूड केस ही त्याची लक्षणे होत. तो मुख्यतः नजरेच्या बळावर सावज टिपतो. केसांची निगा अल्प लागते. परंतु थंडीपासून आडोसा व रोज मोकळे धावणे अनिवार्य असते. परक्याचा स्पर्श त्यास सहसा रुचत नाही.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. आश्रय व उपयोग दोन्ही अशा रीतीने संपुष्टात आले. २००५ मध्ये टपाल तिकिटावर त्यास स्थान लाभले, पुढे लष्करानेही त्याच्या प्रशिक्षणाचा प्रयोग केला. तथापि, केवळ देखणेपणासाठी पैदास झाल्यास रूप टिकेल, गुण लोपतील. म्हणून जतनाच्या योजनेत परंपरागत पाळकांचे ज्ञान नोंदविणे अगत्याचे आहे.