मंडालेहून इगतपुरीकडे

ध्यान हाच बुद्धाच्या मार्गाचा गाभा, हे सतिपट्ठान सुत्त वाचणाऱ्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. पाचव्या शतकात बुद्धघोषाने अनुराधपुरात ‘विसुद्धिमग्ग’ रचला आणि साधनेची एकेक पायरी उलगडून ठेवली. पण पुढची शतके आपण चाळत गेलो, की निराळेच चित्र समोर येते. थेरवादी देशांतला सामान्य उपासक दान देई, शील पाळी आणि पुढच्या एखाद्या जन्मी मैत्रेय बुद्धाचे दर्शन घडावे, अशी आस धरी. ध्यानाला बसणारे थोडे, आणि तेही बहुधा भिक्षूच. अठराव्या शतकात मेदावी (१७२८–१८१६) या भिक्षूने विपश्यनेवर ब्रह्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या, त्या या शांततेत उठून दिसतात. आज त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, याची खंत वाटते.

खरे वळण आले ते राज्य बुडाल्यामुळे. ब्रह्मदेशात धम्माचा सांभाळ राजाने करायचा, अशी रीत होती. मिंडोन राजाने मंडालेत अख्खे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले आणि १८७१ मध्ये पाचवी धम्मसंगीती भरवली. पुढे १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि मिंडोनचा मुलगा थिबा याला आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. तिथेच तो १९१६ मध्ये वारला. राजा गेला, आता बुद्धाचे शासन, म्हणजे धम्म, टिकवायचा कोणी? मोनयवाजवळच्या लेडी अरण्यात राहणाऱ्या एका विद्वान भिक्षूने, लेडी सयादो (१८४६–१९२३) यांनी, याचे उत्तर गृहस्थांत शोधले. गावोगाव फिरून त्यांनी साध्या बोलीत अभिधम्म शिकवला, ग्रंथ छापून घरोघर पोहोचवले आणि शेतकऱ्या-व्यापाऱ्यांनाही ध्यानाला बसवले. विपश्यना गौतम बुद्धापासून अखंड आली असे आपण श्रद्धेने म्हणतो. पण ती सर्वांसाठी खुली झाली ती या माणसाच्या धाडसामुळे, हे विसरणे मला अन्यायाचे वाटते.

त्यांचे शिष्य सया तेजी हे स्वतः गृहस्थ होते. १९०३ च्या पटकीत दोन्ही मुले गेल्यावर ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, आणि रंगूनपलीकडच्या आपल्या खेड्यात परतल्यावर पुढे शिकवू लागले. १९३७ मध्ये त्यांच्याकडे आले सरकारी हिशेब खात्यातले उ बा खिन. १९४८ मध्ये ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले, आणि कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही त्यांनी साधना शिकवली. अर्धशिशीने हैराण झालेले मंडालेचे मारवाडी व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये त्यांच्यापुढे बसले. तेच गोएंका १९६९ मध्ये मुंबईत आले, आईवडिलांसाठी त्यांनी शिबिर घेतले, आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांची शिबिरे सुरू झाली. पुढे १९८२ पासून त्यांनी सहायक आचार्य नेमायला सुरुवात केली. त्यांत संसारी स्त्रिया होत्या, पुरुषही होते.